थंड पाण्यातला कार्बन, लोखंड आणि जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत पाणी तपासायचं काम करतो. पोटापाण्यासाठी टाक्या, बोअरवेल, टँकर. आवडीचा विषय मात्र सैबेरिया, अलास्का, हिमालय असल्या गारठलेल्या मुलखातलं पाणी. हे कळलं की माणसं आधी हसतात आणि मग हमखास प्रश्न विचारतात. सोसायटीच्या गच्चीवर, कॉलेजातल्या व्याख्यानानंतर, एकदा तर मासळीबाजारातसुद्धा. तेच ते प्रश्न फिरून येत राहिले म्हणून उत्तरं लिहून काढली. क्रम माझ्या मर्जीचा. जिथे मला स्वतःला मजा येते तिथे उत्तर लांबलंय.

मुंबईत बसून सैबेरियाच्या पाण्याची उठाठेव कशाला?

आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअरवेल लावतात. पहाटे बादली भरली की पाणी आरशासारखं स्वच्छ. अर्ध्या तासाने पाहावं तर पिवळट, वर तांबूस साय, आणि दुपारी तळाशी गेरूसारखा गाळ. मोरीच्या फरशीवरचे डाग तर ॲसिडने घासूनही जात नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटायचं, कोणीतरी टाकीत काहीतरी टाकतंय. टाकत कोणीच नव्हतं. जमिनीखाली प्राणवायू नसतो, तिथे लोखंड विरघळलेल्या रूपात राहतं. पाणी वर आलं, हवा लागली, की त्याचा गंज होतो आणि तो खाली बसतो.

हेच रसायन उत्तरेकडे अवाढव्य प्रमाणात चालू आहे. फरक इतकाच, की तिथल्या पाण्यात कुजलेल्या वनस्पतींचा भरपूर अर्क असतो आणि तो लोखंडाला धरून ठेवतो, चटकन गंजू देत नाही. या दोघांच्या धरपकडीत कार्बन पाण्यात राहणार, गाळात जाणार की हवेत उडणार हे ठरतं. हवेत उडाला तर तो फक्त सैबेरियाचा राहत नाही. कार्बन डायऑक्साइडला व्हिसा लागत नाही.

थंड प्रदेशातलं पाणी म्हणजे नेमकं कोणतं?

हिमनद्यांखालचे ओढे, बर्फाळ दलदली, टुंड्रातली तळी, आर्क्टिकला मिळणाऱ्या नद्या, ध्रुवांजवळचा समुद्र, आणि आपल्याकडे लडाख-स्पितीची तळी. आर्क्टिक महासागरात जगातल्या समुद्राच्या पाण्याचा जेमतेम १ टक्का आहे, पण जगातल्या नद्यांचं सुमारे ११ टक्के पाणी त्यात येऊन पडतं. ओब, येनिसेई, लेना, कोलिमा, मॅकेन्झी आणि युकॉन या त्यातल्या मोठ्या सहा. आर्क्टिकला मिळणाऱ्या लहानमोठ्या सगळ्या नद्या मिळून वर्षाला ३ कोटी टनांहून जास्त विरघळलेला सेंद्रिय कार्बन समुद्रात ओततात.

पर्माफ्रॉस्टमध्ये कार्बन किती आहे? तो तिथे आला कुठून?

सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाच्या वर न गेलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. उत्तर गोलार्धातल्या अशा जमिनीत १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे हवेत आहे त्याच्या साधारण दुप्पट. हजारो वर्षं गवत, शेवाळ, मुळं उगवली, मेली, पण कुजायच्या आत गोठली.

गणपतीला गावी जाताना फ्रीजरमध्ये सुरमई ठेवली आणि मागे घरचा फ्यूज उडाला, असं ज्यांच्या घरी झालंय त्यांना पुढचं समजवायला नको. मासा तोच, जिवाणूही तेच. बदललं फक्त तापमान. कोलिमा नदीच्या काठावर हजारो वर्षं जुनी, बर्फाने गच्च भरलेली माती वितळून खाली ओघळते. त्या पाण्यातला सेंद्रिय कार्बन जिवाणूंनी दोन आठवड्यांत सुमारे एक तृतीयांश संपवला, असं प्रयोगात दिसलं. कार्बनचं वय वीस हजार वर्षांच्या आसपास आणि संपायला लागले चौदा दिवस. जुनं ते टिकाऊ, हा आपला समज इथे साफ खोटा ठरतो.

विरघळलेला सेंद्रिय कार्बन दिसतो कसा?

कोऱ्या चहासारखा. सैबेरियाच्या दलदलीतलं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं तर टपरीवरच्या फिक्या चहाचा रंग असतो. पानं-मुळं मुरून उतरलेला तो अर्कच.

‘विरघळलेला’ हा शब्द मात्र जपून घ्या. प्रयोगशाळेत ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून जे खाली उतरतं त्याला आम्ही विरघळलेलं म्हणतो. ही निसर्गाची सीमा नाही, माणसांनी सोयीसाठी ठरवलेली रेघ आहे. त्या गाळणीतून खरे विरघळलेले रेणूही उतरतात आणि डोळ्यांना न दिसणारे, पाण्यात तरंगत राहणारे बारीक कणही. शाळेच्या पुस्तकात ज्याला कलिल म्हणतात ते हे.

कलिलांचं एवढं महत्त्व का?

कारण थंड पाण्यातले निम्मे घोळ तिथेच आहेत.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपल्या आज्या त्यात तुरटी फिरवायच्या. आपल्याला पाणी देणाऱ्या तलावांचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतही मूळ युक्ती तीच. गढूळपणाच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि खाली बसत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मोडतं. कण एकमेकांना चिकटून गुठळी होते आणि ती तळाला जाते. जाताना पाण्यातला थोडा सेंद्रिय रंग आणि काही धातूही सोबत नेते.

टुंड्रातल्या तळ्यांत तुरटी कोणी फिरवत नाही. तिथे लोखंड आणि ॲल्युमिनियम स्वतःच सेंद्रिय अर्काशी जोड्या जमवून कलिल बनवतात, आणि हे कलिल म्हणजे चालती मालगाडी. शिसं, थोरियम, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं असे एरवी पाण्यात न टिकणारे धातू त्यावर बसून शेकडो किलोमीटर प्रवास करतात. आता ऊन पडलं, किंवा जिवाणूंनी अर्क खाल्ला, की लोखंडाला धरणारा हात सुटतो. मग ते गंजून खाली बसतं आणि सोबतचे फॉस्फेट, आर्सेनिक वगैरे प्रवासीही उतरतात. म्हणजे जिवाणू खातो कार्बन आणि ठिकाण बदलतं धातूचं.

उलटंही घडतं. गंजाच्या कणाला चिकटलेला कार्बन जिवाणूंच्या हाती सहज लागत नाही. समुद्रतळाच्या गाळातल्या सेंद्रिय कार्बनपैकी साधारण एक पंचमांश असा लोखंडाच्या आसऱ्याला आहे. पण स्वीडनमधल्या स्टॉर्डालेनच्या दलदलीत जमीन वितळून पाणी साचलं, प्राणवायू संपला, आणि लोखंडावर श्वास घेणाऱ्या जिवाणूंनी तो गंजच विरघळवून टाकला. कुलूपच गेलं, आत ठेवलेला कार्बन मोकळा झाला. या सगळ्या विषयातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: कार्बनचा हिशेब लोखंडाला वगळून जुळत नाही.

लेशमात्र मूलद्रव्यं म्हणजे किती कमी?

एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ घ्या. ते १० हजार लिटरच्या ५०० टँकरमध्ये सारखं मिसळा. आता १ लिटरमध्ये १ मायक्रोग्रॅम मीठ आहे. थंड नद्यांतले तांबं, निकेल, कोबाल्ट साधारण याच्या मागे-पुढे मोजले जातात. दक्षिण महासागरातलं विरघळलेलं लोखंड तर बऱ्याच जागी लिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे वरच्या मिठाचाही पन्नासावा भाग नाही.

एवढ्याशा धातूने काय बिघडतं?

फोडणीतल्या हिंगाने काय बिघडतं, तेच. किलोभर आमटीत तो चिमूटभर असतो, पण नसला तर पहिल्या घासाला कळतं.

मिथेनचं उदाहरण घेऊ. तळ्याच्या तळाशी, प्राणवायू नसलेल्या चिखलात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव असतात. मिथेन तयार करायची शेवटची पायरी ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) हाती आहे त्याच्या मध्यभागी निकेलचा अणू बसलेला असतो. त्याआधीच्या पायऱ्यांना कोबाल्ट लागतो, तोच जो आपल्या बी-१२ जीवनसत्त्वात असतो. लोखंड तर जागोजागी. हे धातू मिळाले नाहीत तर कितीही पाला-पाचोळा पडलेला असो, भट्टी मंद राहते.

आता वरच्या थरात या. तिथे मिथेन खाणारे जिवाणू बसलेले असतात, आणि त्यांच्यामुळे बराच मिथेन हवेत पोचतच नाही. त्यांच्या मुख्य यंत्राला तांबं लागतं. पाण्यातलं तांबं सेंद्रिय अर्काने बांधून ठेवलेलं असलं तर हे जिवाणू काय करतात? स्वतःचा एक छोटा रेणू बाहेर सोडतात, मेथॅनोबॅक्टिन नावाचा. तो तांबं हुडकून, पकडून परत आणतो. दारोदार फिरून वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्यासारखा! पुढच्या पायरीवर तर आणखी गंमत आहे. लँथॅनम, सीरियम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं जीवसृष्टीच्या काही कामाची नाहीत, असं आम्ही शिकलो होतो. २०१४ मध्ये इटलीतल्या ज्वालामुखीच्या चिखलातल्या एका मिथेनभक्षक जिवाणूने ते खोटं पाडलं. त्याला ती नसतील तर वाढताच येत नाही. टुंड्राच्या पाण्यात ही मूलद्रव्यं कोण वाहून नेतं? मघाचेच ते लोखंडाचे कलिल.

आपल्या खाडीतल्या चिखलातूनही बुडबुडे येतात. तोही मिथेनच ना?

थोडा असतो. पण ठाण्याच्या खाडीत भरतीबरोबर समुद्राचं सल्फेट येतं, आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास आधी पळवतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो त्यांचा. टुंड्रातल्या गोड्या पाण्यात सल्फेट कमी, त्यामुळे तिथे मिथेनवाल्यांना रान मोकळं. हिवाळ्यात तळी गोठली की मिथेनचे बुडबुडे बर्फात पांढऱ्या चकत्यांसारखे एकावर एक अडकलेले दिसतात. अलास्कात शास्त्रज्ञ बर्फाला भोक पाडून ते पेटवून दाखवतात. शंभर वर्षांच्या हिशेबात १ टन मिथेन सुमारे २८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, म्हणून हा बुडबुड्यांचा खेळ बघायला मजेचा, मोजायला जाचक.

पाणी गोठताना त्यातल्या गोष्टी जातात कुठे?

शाळेसमोर प्लॅस्टिकच्या नळीत मिळणारी ‘पेप्सी’ आठवते? दाताने टोक तोडून चोखायला लागलं की पहिल्या दोन मिनिटांत सगळी साखर आणि नारिंगी रंग पोटात, आणि हातात उरतो बेचव पांढरा बर्फ. पाण्याच्या स्फटिकाला परकं कोणी आत चालत नाही. गोठताना तो मीठ, साखर, रंग, धातू सगळ्यांना बाहेर ढकलतो. उरलेलं न गोठलेलं पाणी घट्ट होत जातं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजाने हिंदुस्थानात यायचा. १८३३ मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला पहिली खेप आली, पुढे मुंबईलाही येऊ लागला. तो बर्फ तळ्याचा असूनही स्वच्छ असायचा, याचं एक कारण हेच.

सैबेरियातली उथळ तळी हिवाळ्यात तळापर्यंत गोठतात. आधी वर शुद्ध बर्फ, खाली घट्ट होत गेलेला अर्क, आणि शेवटी तोही गोठतो. या दाबून-आटवून झालेल्या मिश्रणात कलिलांच्या गुठळ्या होतात, त्यामुळे वसंतात वितळलेलं पाणी शरदातल्यासारखं राहत नाही. समुद्राच्या बर्फात तर खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्या उरतात, त्यात शेवाळं राहतात, आणि कधीकधी इकाइट नावाचा कॅल्शियम कार्बोनेटचा पाणीदार स्फटिक तयार होतो. त्याचं नाव ग्रीनलंडच्या इक्का फ्योर्डवरून पडलं. थंड पाण्यात तो ठणठणीत, हातात घेतला की थोड्या वेळात पाणी सुटतं आणि चुन्याचा लगदा उरतो.

आणखी एक साधी गोष्ट. शून्य अंशाच्या पाण्यात मुंबईच्या ३० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीचपट कार्बन डायऑक्साइड मावतो. गरम सोड्याची बाटली उघडल्यावर काय होतं ते ठाऊक आहेच.

मोठी तळी महत्त्वाची की छोटी डबकी?

नकाशावर मोठी दिसतात, रसायनात डबकी जिंकतात. जमीन खचून नुकतंच तयार झालेलं खोलीएवढं डबकं घ्या. काठ सतत ढासळतोय, ताजा पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, आत पडतोय, पाणी आम्लधर्मी, चहा चांगला कडक. त्यात कार्बन, लोखंड, ॲल्युमिनियम सगळ्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त. तळं वाढत जातं तसं काठाच्या मानाने पाणी वाढतं, ऊन आणि जिवाणू अर्क संपवत नेतात, आणि सगळं पातळ होतं. पश्चिम सैबेरियात हे फार नीट मोजलं गेलंय. पंचाईत अशी, की ही डबकी उपग्रहाच्या चित्रात बरेचदा सुटतात, म्हणून वायूंचे जुने हिशेब कमी भरले.

उन्हाचा वाटा मात्र सगळीकडे सारखा नाही. उत्तर अलास्काच्या स्वच्छ ओढ्या-तळ्यांत कार्बन मोडायचं बहुतांश काम ऊन करतं. पश्चिम सैबेरियाच्या काळपट पाण्यात ऊन बोटभरसुद्धा आत जात नाही, तिथे जिवाणूंचं राज्य. एका जागेचा निष्कर्ष उचलून दुसरीकडे चिकटवणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

थंडीत जिवाणू मरत नाहीत का?

जानेवारीत एखाद्या सकाळी मुंबईतही खोबरेल तेल बाटलीत गोठतं, शेजारचं शेंगदाण्याचं तेल मात्र वाहत असतं. जिवाणूचं आवरणही स्निग्ध पदार्थांचंच असतं. थंडीतले जिवाणू ते शेंगदाणा-तेलाच्या जातीचं ठेवतात, म्हणजे असंपृक्त. आवरण लवचीक राहिलं की देवाणघेवाण चालू. शिवाय बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिनं, थंडीतही सैल राहणारी विकरं आणि बाहेरून चिकट साखरेचा लेप. कॅनडाच्या एल्समेर बेटावरच्या पर्माफ्रॉस्टमधला प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस उणे १५ अंशांनाही वाढतो. सावकाश, पण वाढतो.

हिमनदीच्या पाठीवरही वस्ती असते. वाऱ्याने आलेली काळी धूळ ऊन शोषते, खालचा बर्फ वितळवते आणि वाटीएवढा खड्डा करून त्यात बसते. १८७० मध्ये ध्रुवप्रदेशांचा शोधक नॉर्डेनशेल्डने ग्रीनलंडवर ही धूळ पाहिली आणि तिला क्रायोकोनाइट म्हटलं. प्रत्येक वाटीत नील-हरित जिवाणूंचा एक छोटा संसार.

बर्फाखाली किलोमीटरभर खोल जीवसृष्टी आहे, हे खरं?

अंटार्क्टिकात व्हिलन्स नावाचं तळं ८०० मीटर बर्फाखाली आहे. जानेवारी २०१३ मध्ये गरम पाण्याने भोक पाडून नमुना काढला, तेव्हा १ मिलिलिटरमध्ये सुमारे १ लाख ३० हजार पेशी निघाल्या. तिथे सूर्य नाही, मग खायला काय? खडक दळून निघालेली खनिजं, अमोनिया, मिथेन. त्याआधी फेब्रुवारी २०१२ मध्ये रशियन पथक ३,७६९ मीटरवर व्होस्टॉक तळ्याला पोचलं होतं, पण भोकात केरोसीन भरलेलं असल्यामुळे त्या नमुन्यांवर वाद झाले.

मला सगळ्यात आवडतो तो ब्लड फॉल्स. अंटार्क्टिकातल्याच टेलर हिमनदीच्या टोकाशी बर्फावरून रक्तासारखा लाल ओघळ येतो. १९११ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ ग्रिफिथ टेलरला तो दिसला तेव्हा लाल शेवाळ असेल असं वाटलं. निघालं लोखंड. हिमनदीखाली फार पूर्वी कोंडलं गेलेलं, समुद्राहून खारट, प्राणवायू नसलेलं पाणी. तिथले जिवाणू लोखंड आणि सल्फेटच्या आधाराने दिवस काढतात, आणि पाणी बाहेर येऊन हवा लागली की लाल होतं. आमच्या बोअरवेलच्या बादलीचीच गोष्ट, फक्त देखावा भव्य.

समुद्रात लोखंड टाकून हवेतला कार्बन खेचता येईल ना?

हा प्रश्न दर व्याख्यानात येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा अभियांत्रिकीचा असतो.

दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, पण वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, बेताचं. कमी पडतं ते लोखंड. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन मार्टिन १९८८ मध्ये गमतीत म्हणाला होता, अर्धं टँकर-जहाज लोखंड द्या, हिमयुग आणून दाखवतो. १९९३ पासून प्रत्यक्ष प्रयोग झाले आणि लोखंड टाकलं की समुद्र हिरवा होतो हे पक्कं झालं.

२००९ मध्ये भारत आणि जर्मनीने मिळून केलेल्या प्रयोगाचं नाव होतं लोहाफेक्स. आपल्याकडून गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, त्यांच्याकडून आल्फ्रेड वेगेनर संस्था, जहाज पोलारस्टर्न. (याच गोव्याच्या संस्थेचं मुंबईतलं केंद्र अंधेरीला आहे. रस्त्याचं नाव लोखंडवाला. हा योगायोग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.) दक्षिण अटलांटिकमध्ये एका भोवऱ्यातल्या ३०० चौरस किलोमीटरच्या भागात लोखंड सोडलं. प्लवक वाढलं. पण त्या पाण्यात सिलिका कमी होती, त्यामुळे काचेच्या कवचाचे, जड, बुडणारे डायॅटम वाढलेच नाहीत. जे मऊ प्लवक वाढलं ते कोपेपॉड नावाच्या झिंग्याच्या जातीच्या बारीक जीवांनी खाल्लं आणि कोपेपॉडांना त्यांच्याहून मोठ्या ॲम्फिपॉडांनी. मेजवानी उत्तम झाली, पण तळाकडे फारसा कार्बन गेलाच नाही.

याउलट २००४ च्या एका प्रयोगात सिलिका होती, तेव्हा फुललेल्या प्लवकातला निम्मा तरी हिस्सा १,००० मीटरच्या खाली गेला. म्हणजे उपाय पूर्ण खोटा नाही, पण ‘लोखंड टाका आणि मोकळे व्हा’ इतका स्वस्तही नाही. संशोधनाखेरीज असं खत समुद्रात टाकू नये, असं समुद्रात कचरा टाकण्यावर बंधन घालणाऱ्या लंडन कराराच्या देशांनी २००८ मध्येच ठरवलंय. माझं मत विचाराल तर ते शहाणपणाचं होतं.

अलास्काच्या नद्या नारिंगी झाल्या, ते प्रदूषण आहे का?

कारखान्याचं नाही. उत्तर अलास्कातल्या ब्रूक्स पर्वतरांगेचा हा भाग बहुतांश निर्मनुष्य आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या ७५ ओढ्यांची नोंद आहे, काही ठिकाणी पीएच २.३ पर्यंत उतरलेला, म्हणजे लिंबाच्या रसासारखा. पर्माफ्रॉस्ट वितळल्यावर आतल्या सल्फाइड खनिजांना प्रथमच पाणी आणि हवा मिळाली. त्यातून गंधकाम्ल, लोखंड, आणि सोबत जस्त, निकेल, तांबं, कॅडमियम. पुढे हे आम्ल चुनखडीला भेटलं तर त्यातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो, एकही पान न कुजता.

पारा? मासे खावेत की नाही?

हा मासळीबाजारातला प्रश्न. विचारणारी मावशी समोर बोंबील साफ करत होती. “तुमचा तो बर्फातला पारा आमच्या पाटीत येतो का हो?”

इतक्या लांबून असा थेट येत नाही, मावशी. पण प्रश्न रास्त आहे. पर्माफ्रॉस्टमध्ये पारा साठलेला आहे. २०१८ मध्ये सुमारे साडेसोळा लाख टनांचा अंदाज मांडला गेला, २०२० मध्ये पश्चिम सैबेरियाचे नमुने धरल्यावर तो सहा लाखांच्या आसपास आला. खरी अडचण धातूच्या पाऱ्यापेक्षा मिथिल-पाऱ्याची, आणि तो बनवतात प्राणवायूविना जगणारे काही जिवाणू. त्यासाठी लागणारी जनुकांची जोडी २०१३ मध्ये सापडली. मिथिल-पारा छोट्या माशातून मोठ्यात जाताना साठत जातो, म्हणून जास्त जगणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत तो जास्त, लहान आणि अल्पायुषी माशांत तुलनेने कमी. बोंबील घेतले, मावशीने दोन वर घातले.

बर्फातून जुने विषाणू निघून साथ येईल?

३० हजार वर्षं जुना पिथोव्हायरस २०१४ मध्ये सैबेरियात जिवंत केला गेला, पण तो अमीबाला धरतो, माणसाला नाही. २०१६ मध्ये सैबेरियातल्याच यामालमध्ये अँथ्रॅक्स आला, तो जिवाणूचा. चित्रपटाला विषय चांगला आहे. मला काळजी मिथेनची जास्त वाटते.

हिमालयात काय चाललंय? भारताचं काम कुठे आहे?

नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर ७९ अंश उत्तरेला २००८ पासून आपलं हिमाद्री स्थानक आहे आणि तिथल्याच फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात) २०१४ पासून पाण्याखाली नोंदी घेणारी वेधशाळा. अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती. स्पितीत ४,००० मीटरहून उंचावर २०१६ मध्ये हिमांश हे संशोधन केंद्र सुरू झालं. हिमालयाची वेगळी गोष्ट अशी, की खाली गंगेचं खोरं आहे. चुली, शेतातली आग, डिझेल यांची काजळी वर जाऊन बर्फावर बसते, तो लवकर वितळवते आणि स्वतःच जिवाणूंचं अन्नही बनते. हिमनदीच्या पाण्यात कार्बन एकूण कमी, पण जिवाणूंना सहज पचणारा.

नमुना घेणं एवढं अवघड का?

कारण आपणच धातूंनी माखलेलो असतो. हातमोज्याच्या पावडरीत जस्त, सनस्क्रीनमध्ये जस्त, अंगठीत तांबं. बाटल्या आम्लात भिजवून ठेवायच्या, स्वच्छ पाण्याने धुवायच्या, दोन पिशव्यांत गुंडाळायच्या. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनने हे शिस्तीने केलं म्हणून १९६९ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात शिशाचा चढता आलेख दिसला आणि पेट्रोलमधल्या शिशावर बोट ठेवता आलं. आपल्याकडे ते पेट्रोल २००० साली बंद झालं.

माझी फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या प्रयोगशाळेत होतो तिथे नुसत्या शुद्ध पाण्यातही लोखंड निघायचं. रसायनं बदलली, बाटल्या बदलल्या, आठवडा गेला. आकडा सकाळी आणि संध्याकाळी चढायचा, दुपारी उतरायचा, आणि रविवारी जवळजवळ नसायचा. शेवटी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, तर बोटावर तपकिरी भुकटी. खिडकी लोकलच्या रुळांवर उघडत होती. चाकं, रूळ आणि ब्रेक यांची झीज गर्दीच्या वेळापत्रकानुसार माझ्या नमुन्यात येत होती. खिडकीला चिकटपट्टी मारली तशी सैबेरियाची तळी एकदम शुद्ध झाली.

यातलं काही घरी करून बघता येईल का?

येईल, फक्त पिऊ नका. कडक कोरा चहा गाळून तीन काचेच्या ग्लासांत घ्या. रक्तवाढीची लोहाची गोळी कुटून पाण्यात विरघळवा आणि ते पाणी दोन ग्लासांत थोडं थोडं घाला. चहा शाईसारखा काळा होईल: सेंद्रिय अर्काने लोखंड पकडलं. त्यातल्या एकात अर्धं लिंबू पिळा, काळेपणा उतरेल: लिंबाच्या आम्लाने ते लोखंड सोडवून स्वतःकडे घेतलं. दुसरा काळा चहा छोट्या स्टीलच्या डब्यात ओतून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी गोळा बाहेर काढून मधोमध फोडा. कडेला पांढुरका बर्फ असेल आणि काळं सगळं मध्यावर, शेवटी गोठलेल्या भागात जमलेलं असेल. तिसरा ग्लास रंग ताडून पाहण्यासाठी. आणि डबा लगेच घासून ठेवा, नाहीतर घरच्यांना तुरटीपासून सगळं समजावत बसावं लागतं.